बाळ मान का फिरवतं? साडेचार महिन्यांच्या मुलाच्या आईला सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, यावल तालुक्यात आहात. मुलाचे वडील सुरतेला कामाला. मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, तारखेच्या चार आठवडे आधी झाला, जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम होतं, पण पेटीत ठेवावं लागलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो तुमच्या तोंडाकडे एकटक बघत राहायचा. आता क्षणभर बघतो आणि मान फिरवतो. खुळखुळा हातातून निसटला तर शोधत नाही, जणू तो नव्हताच. मोबाइल समोर धरला की मात्र पापणीसुद्धा लवत नाही. घरात म्हणतात, पोरगं चंचल निघणार. तुम्ही विचारताय की याचं लक्ष आणि आठवण कमी आहे का, आणि इंटरनेटवर मिळणारी काळी-पांढरी कार्डं मागवावीत का.

मी चोवीस वर्षं खान्देशात लहान मुलांची डॉक्टर आहे. त्यातली निम्मी वर्षं जास्त करून कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांची वाढ बघण्यात गेली. तुमच्या मुलाचं मान फिरवणं ही चांगली बातमी आहे. खुळखुळा न शोधणं त्याच्या वयाला साजेसं आहे. मोबाइलकडे टक लावून बघणं तेवढं थांबवायला हवं. का ते सांगते. त्यासाठी बाळाची नजर कशी घडते हे थोडं समजून घ्यावं लागेल.

आधी वयाचं. मुलगा कागदावर साडेचार महिन्यांचा आहे, पण मेंदूच्या हिशेबाने साडेतीन. जेवढे आठवडे लवकर आला तेवढे वजा करूनच त्याची वाढ मोजायची. दोन वर्षांचं होईपर्यंत आम्ही असंच मोजतो. लस तेवढी जन्मतारखेप्रमाणे. शेजारच्या घरातली साडेचार महिन्यांची पोरगी पूर्ण दिवसांची असेल, तर ती तुमच्या मुलाहून एक महिन्याने मोठी आहे, आणि या वयात महिना म्हणजे फार मोठं अंतर. घरातल्या निम्म्या काळज्या हा हिशेब न केल्यामुळे सुरू होतात.

नवजात बाळाला दिसतं, पण धूसर दिसतं. डोळ्याच्या पडद्यावर बारीक बघण्याची जी जागा असते, पीतबिंदू, तिथल्या पेशी जन्माच्या वेळी अजून दाट बसलेल्या नसतात. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरही त्या नजरेला ओळखू येणार नाही. बरं दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवर, म्हणजे एक वीत किंवा थोडं जास्त. अंगावर पाजताना बाळाच्या डोळ्यांपासून आईचं तोंड जवळपास तेवढ्याच अंतरावर असतं. आणि त्या तोंडात बाळाला आधी दिसते ती कडा: कपाळ जिथे संपतं आणि केस जिथे सुरू होतात ती रेघ.

हे मी अंदाजाने सांगत नाही. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी चार दिवसांच्या बाळांसमोर आई आणि एक अनोळखी बाई अशा दोघींचे चेहरे ठेवले. बाळं आईकडे जास्त वेळ बघत होती. मग दोघींच्या डोक्याला रुमाल बांधून केसांची रेघ झाकली, आणि बाळांचा तो कल नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचा पदर आठवला. सासरी कपाळापर्यंत पदर, माहेरी डोकं मोकळं, थंडीच्या दिवसांत कानाला फडकं. आवाज आणि अंगाचा वास यांवरून बाळ आईला ओळखतंच, त्याबद्दल शंका नको. पण पहिल्या महिन्यात पाजताना पदर थोडा मागे घेतला आणि कपाळ दिसू दिलं, तर त्याच्या डोळ्यांनाही काम मिळतं. सासूबाईंना समजावून सांगितलं की त्या ऐकतात, माझा तरी हाच अनुभव आहे.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं, आणि त्या दिवसांतली बाळंतिणीची खोली दारं-खिडक्या लावून अंधारी केलेली असते. उन्हापासून जपणं बरोबरच आहे. पण बाळ जागं असेल तेव्हा सकाळ-संध्याकाळ थोडा उजेड आत येऊ द्या. अंधारात कडा दिसत नाही, आणि या वयात कडा हेच बाळाचं वाचन असतं.

आता तुमच्या 'एकटक बघण्याकडे' येते. साधारण पहिल्या महिन्यापासून तिसऱ्यापर्यंत बाळाची नजर एखाद्या ठळक गोष्टीवर जाऊन चिकटते आणि त्याला ती सोडवता येत नाही. काही वर्षांपूर्वी एक आजी अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांची तक्रार अशी होती की पोरगं गोधडीकडे बघून रडतं. मी टेबलावर तीच गोधडी अंथरून बाळाला कुशीवर ठेवलं. गोधडीला एका बाजूने काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड जोडलेलं होतं. बाळाची नजर एका चौकटीच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली. अर्धं मिनिट, एक मिनिट. मग ओठ मुडपले, भुवया आवळल्या, रडू फुटलं, आणि रडतानाही डोळे त्याच कोपऱ्यावर. मी मध्ये हात धरून चौकट झाकली, तसा तो एकदम शांत झाला आणि दिव्याकडे बघू लागला. त्याला तिथून हटायचं होतं, पण हटता येत नव्हतं. आजींना वाटत होतं की गोधडीला कुणाची नजर लागली आहे.

असं होतं ते नजर हलवणारी मेंदूतली यंत्रणा टप्प्याटप्प्याने तयार होत असल्यामुळे. जन्मतः काम करणारं केंद्र मेंदूच्या खोल, जुन्या भागात आहे. काही हललं, चमकलं, कडा दिसली की डोळे तिकडे वळवायचे, एवढंच ते जाणतं. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या केंद्राला थोपवून धरणारी साखळी जोर धरते. मात्र 'आता सोड, दुसरीकडे बघ' असा हुकूम देणारे वरचे भाग, डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचा आणि कपाळामागचा, अजून जोडले गेलेले नसतात. ती जोडणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. मग बाळ बघतं, पुरे झालं की सोडतं, आणि परत येतं.

तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. दुसऱ्या महिन्यातल्या एकटक बघण्यात तुमच्यावरची माया होतीच, पण चिकटलेली नजरही होती. आता तो तुमच्याकडे बघतो ते स्वतःच्या इच्छेने, आणि मान फिरवतो तीही स्वतःच्या इच्छेने.

बाळ किती वेळ बघतं यावरून त्याची हुशारी ठरवू नका. पूर्ण दिवसांच्या बाळाचं एका गोष्टीकडे बघत राहणं आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात लांबतं आणि त्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत कमी होत जातं. कारण साधं आहे: तेवढंच बघायला आता कमी वेळ पुरतो. अमेरिकेत रॉबर्ट फान्झ यांनी १९६४ मध्ये बाळांना एक चित्र पुन्हा पुन्हा आणि त्याच्या शेजारी दर वेळी नवं चित्र असं दाखवलं. दोन महिन्यांपुढची बाळं ओळखीच्या चित्राकडे हळूहळू कमी बघू लागली आणि नव्याकडे जास्त. बोलता न येणाऱ्या बाळाच्या मनात काय चाललंय हे कळायचा रस्ता त्यातून उघडला. कंटाळा येण्यासाठी आधीचं आठवावं लागतं. तुमच्याकडे बघून झाल्यावर मुलगा दारातल्या वासराकडे वळला, तर त्याने तुमचा चेहरा मनात नोंदवलाय आणि आता त्याला वासरू बघायचंय.

लक्ष लागलंय की नाही हे घरी कसं ओळखायचं? संशोधनाच्या ठिकाणी छातीला तारा लावून ठोके मोजतात. बाळाचं खरं लक्ष लागलं की ठोके मंदावतात. तुम्हाला तारांची गरज नाही. पाय बघा. मोकळं पडलेलं बाळ पाय झाडत असतं. लक्ष लागलं की पाय थांबतात, मुठी सैल होतात, श्वास संथ होतो, तोंड किंचित उघडं राहतं. पाच-दहा सेकंद. मग एक मोठा श्वास आणि मान दुसरीकडे. ती मान वळली की आपली माणसं काय करतात? टाळ्या वाजवतात, खुळखुळा तोंडापाशी नेतात, 'ए बघ ना, इकडे बघ' म्हणत हनुवटी धरून मान परत वळवतात. प्रेमापोटीच करतात, पण बाळाची विश्रांती मोडते. थांबा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा ते आपणहून परत बघतं, आणि परत आलेल्या त्या नजरेला हसून उत्तर द्या. या एका गोष्टीवर मी दवाखान्यात सगळ्यात जास्त बोलते, कारण याला पैसा लागत नाही आणि ही गोष्ट कुणी सांगतही नाही.

आता आठवण. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला ओटी असते. त्यात मावतो थोडाच कापूस, पण काम चालतं ते त्या ओटीवर. भरली की गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा वेचायला लागायचं. घरात लावलेला कापसाचा ढीग वेगळा. मनाचंही तसंच आहे. डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट काही सेकंद धरून ठेवून तिच्यावर काम करायचं, ती ओटी. पुस्तकात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. दिवस-आठवडे टिकते ती आठवण म्हणजे घरातला ढीग.

आश्चर्य हे की बाळाचा ढीग ओटीच्या आधी भरू लागतो. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर या अमेरिकन संशोधिकेने पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला एक फीत बांधली आणि तिचं दुसरं टोक बाळाच्या घोट्याला. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळ काही मिनिटांत शिकतं. मग काही दिवसांनी तेच खेळणं, पण फीत न जोडता, समोर आणायचं. आठवत असेल तर बाळ पाय झाडतं. दोन महिन्यांच्या बाळांना हे एक-दोन दिवस आठवलं, तीन महिन्यांच्यांना आठवडाभर, सहा महिन्यांच्यांना दोन आठवडे. आणि दुसऱ्या दिवशी टांगलेलं खेळणं बदललं, तर लहान बाळांचे पाय थंडच राहिले. म्हणजे 'काहीतरी टांगलंय' एवढंच त्यांना आठवत नव्हतं, तर नेमकं तेच खेळणं आठवत होतं. हा प्रयोग घरी मुळीच करू नका, फीत किंवा दोरी बाळाच्या गळ्यात अडकू शकते. सांगायचं एवढंच की 'एवढ्याशा पोराला काय आठवतंय' हे खरं नाही.

ओटी मात्र या वयात फार लहान असते. बाळांसमोर शेजारी शेजारी दोन पडदे ठेवतात. दोन्हींवर रंगीत चौकोन उघडझाप करतात. एका पडद्यावर दर उघडझापीला एका चौकोनाचा रंग बदलतो, दुसऱ्यावर सगळं तसंच राहतं. आधीचा रंग क्षणभर मनात धरता आला तरच बदल कळणार आणि बाळ तिकडे जास्त बघणार. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात चार आणि साडेसहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर एकच चौकोन असताना बदल कळला. जास्त चौकोन आले की कळेनासा झाला. दहा महिन्यांच्या बाळांना तीन-चार चौकोनांमधलाही कळला. सहा ते दहा महिन्यांच्या मध्ये ओटी एकदम मोठी होते, असं त्यावरून दिसतं. लपवलेल्या वस्तूंचंही तसंच: साडेसहा महिन्यांच्या बाळासमोर दोन वस्तू एकापाठोपाठ लपवल्या तर त्याच्या लक्षात शेवटची राहते, नवव्या महिन्याकडे दोन्ही राहू लागतात.

तेव्हा तुमच्या मुलाचा खुळखुळा. साडेतीन महिन्यांच्या हातातून खुळखुळा पडला, दिसेनासा झाला, नवीन काही डोळ्यांपुढे आलं, तर ओटीतली जागा त्याने घेतली. शिवाय शोधायला मान, कंबर, हात यांनी साथ द्यायला हवी, तीही अजून तयार नाहीत. पडलेल्या वस्तूच्या मागे वाकून बघणं साधारण सहा-सात महिन्यांच्या पुढे दिसतं, आणि फडक्याखाली पूर्ण झाकलेली वस्तू काढणं आठव्या-नवव्याच्या आसपास.

नवव्या महिन्यातला एक प्रसंग सांगते, कारण तो मी शेकडो वेळा बघितलाय आणि दर वेळी मन लावून बघते. गोवर-रुबेलाच्या लसीसाठी एक चिमुरडी आली होती, आईच्या मांडीवर. टेबलावर स्टीलच्या दोन वाट्या पालथ्या ठेवल्या. आईच्या हातातली लाल बांगडी घेऊन तिच्यासमोर उजव्या वाटीखाली सरकवली. तिने वाटी उचलली, बांगडी घेतली, तोंडात घातली. पुन्हा तेच, पुन्हा सापडली. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांदेखत बांगडी डाव्या वाटीखाली ठेवली आणि दोन्ही हात अलगद धरून तीन-चार सेकंद थांबले. सोडताच तिचा हात गेला उजव्या वाटीवर. उचलली, खाली काही नाही. डोळे मात्र डाव्या वाटीकडे. मागे उभ्या आजी कळवळून म्हणाल्या, "आतेच दखं ना तिनी!" आत्ताच तर बघितलं ना तिने! बघितलंच होतं. पण नवी जागा मनात धरून ठेवायची आणि त्याच वेळी दोनदा सवय झालेला हात आवरायचा, ही दोन कामं एकदम तिच्या मेंदूला झेपली नाहीत.

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी ही चूक पहिल्यांदा नीट टिपली. पुढे अडेल डायमंड यांनी तीच बाळं महिनोनमहिने तपासून दाखवलं की साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंद थांबवलं तरी चूक होते, आणि वर्षाचं होईपर्यंत दहा सेकंदांपर्यंत थांबवलं तरी बरंच जमतं. महिन्याला जेमतेम दोन सेकंदांची कमाई. कपाळामागच्या भागाला इजा झालेली माकडंही हीच चूक करतात, यावरून हे काम मेंदूत कुठे चालतं ते कळलं. रांगायला लागलेली बाळं अशा खेळात पुढे असतात असंही दिसलं आहे. इथून तिथे जाताना 'मला तिकडे जायचंय' हे धरून ठेवावं लागतं ना! म्हणून बाळाला चालण्याच्या गाडीत कोंबू नका. शेणाने सारवलेलं असो नाहीतर फरशीचं, स्वच्छ अंगण द्या.

मोबाइलकडे वळते. पडद्यावरचं चित्र काही सेकंदांत बदलतं, चमकतं, आवाज करतं. हललं-चमकलं की नजर ओढली जाणं हे त्या जुन्या, खोल केंद्राचं काम आहे, हे वर सांगितलं. बाळ बघून सोडणार तेवढ्यात पुढचं चित्र त्याला पुन्हा ओढतं. सोडण्याची आणि आपणहून परत येण्याची जी कसरत तुमचा मुलगा आत्ता शिकतोय, तिला पडदा वावच देत नाही. पापणी न लवता बघतोय म्हणून लक्ष चांगलं, असं समजू नका. त्याचे पाय बघा, चेहरा बघा, हसतो का, तुमच्याकडे वळून बघतो का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, सूट फक्त नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला. सुरतेच्या बाबांचा कॉल रोज खुशाल घ्या. फोन तुम्ही धरा, मुलगा मांडीवर, आणि बाबांना सांगा हळू बोलायला, मध्ये थांबायला. त्यात दोन माणसं एकमेकांची वाट बघतात, म्हणून ते वेगळं.

कार्डं मागवू नका. दोन महिन्यांपर्यंत ठळक काळं-पांढरं डोळ्यांत भरतं हे खरं, पण तुमचा मुलगा त्या टप्प्याच्या पुढे आला आहे. आता त्याला रंग दिसतात, हलणाऱ्या वस्तूमागे नजर सलग जाते. कुंकू लावलेला चेहरा, धान्य पाखडताना वरखाली होणारं सूप, केळीचं वाऱ्यावर हलणारं पान, हे त्याला कार्डांपेक्षा खूप जास्त शिकवतं. एका वेळी एकच वस्तू हातात द्या, दहा खेळण्यांचा ढीग समोर नको. सहाव्या महिन्याच्या सुमारास पदराआडून 'बुवा... कुक्' सुरू करा. 'बुवा' आणि 'कुक्' यांच्यामधली जागा आधी एक सेकंद, मग दोन, मग तीन. त्या रिकाम्या जागेत तो तुमचा चेहरा मनात धरून ठेवतो. सगळ्या आज्यांना हे कुणी न शिकवता येतं.

झोळीबद्दल. कपाशीच्या वेचणीला बाया तान्ह्या बाळाला बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून ठेवतात. मी त्याला नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण झोळीत चारी बाजूंनी कापड, वर आभाळाची फट. झोपेपुरती झोळी ठीक. बाळ जागं झालं की बाहेर काढून, सावलीत, कुणाच्या तरी तोंडासमोर. पाच मिनिटं का होईना.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुलाला लोहाचे थेंब सुरू आहेत का? पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळ आईकडून लोह साठवून घेतं. तुमच्या मुलाचे तेच चार आठवडे हुकले, शिवाय वजन अडीच किलोच्या खाली. अशा बाळाचा साठा लवकर संपतो, म्हणून साधारण दुसऱ्या महिन्यापासूनच थेंब देतात. लोह कमी पडलेल्या मेंदूतले निरोप सावकाश जातात, आणि लक्ष व आठवण यांवर त्याचा परिणाम झालेला दिसतो. रक्त नंतर भरून निघालं तरी मेंदूचं नुकसान दर वेळी पूर्ण भरून निघत नाही. थेंब किती, हे वजनावर ठरतं, तेव्हा याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना विचारा. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू कराल तेव्हा घट्ट वरण, मऊ भात, पालेभाजी, चालत असेल तर अंडं. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

उत्तर प्रदेशात लखनौजवळ शिवगड नावाच्या ग्रामीण भागात चार महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर प्रकाशाने मेंदूचं काम मोजणारी टोपी घालून वर सांगितलेला रंगीत चौकोनांचा प्रयोग केला गेला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आईचं शिक्षण आणि मिळकत कमी, तिथल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद क्षीण आढळला. हे वाचून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधून माझ्याकडे जी बाळं येतात, त्यांच्या आयांकडे मायेची कमतरता कधीच नसते. कमी असतं ते रक्त, झोप, आणि बाळासमोर निवांत बसायची मुभा. ती मुभा घरातल्या इतरांनी द्यायची असते. तुम्ही माहेरी आहात तोवर ती हक्काने घ्या.

काही खुणा मात्र थांबू नये अशा. बुबुळात, किंवा फोटोत एका डोळ्यात, पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर. माझ्याकडे आलेल्या एका बाळाच्या आईला आधी कुठेतरी 'सहा महिने थांबा, नजर बसेल' असं सांगितलं गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू होता, सातव्या महिन्यात कळला. अशा बाळाचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालं तर नजर नीट घडते, कारण मेंदूला बघायला शिकण्याचे दिवस ठरलेले असतात. ऑपरेशन झालं, पण ते दिवस निघून गेले होते. डोळे सतत थरथरत असतील, चौथ्या महिन्यानंतरही (तुमच्या हिशेबाने वजा करून) एक डोळा तिरका राहत असेल, तरी दाखवा. झोपेत हसतं ते सटवाई हसवते म्हणतात, ते पहिल्या दिवसांपासून असतं. पण तुमच्या तोंडाकडे बघून उमटणारं हसू वजा करून मोजलेल्या तीन महिन्यांतही आलं नसेल, चेहऱ्यामागे नजर फिरत नसेल, तर तपासणी हवी. आणि एक खूण जी घरोघर पोटदुखी म्हणून सोडली जाते: झोपेतून उठल्यावर बाळ एकदम पुढे वाकतं, हात झेपावतात, सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा तसंच, अशी झटक्यांची माळ. सोबत ते तुमच्याकडे बघेनासं होतं. हा फिटचा एक गंभीर प्रकार असू शकतो आणि त्यात दिवसही मोलाचे. त्या वेळी मोबाइल जरूर काढा, व्हिडिओ घ्या आणि तो घेऊन तडक दवाखाना गाठा.

३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या खाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो. तुमचा मुलगा त्या मर्यादेच्या बाहेर आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ आत बसत असेल तर विचारून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या वाढीसाठी डीईआयसी केंद्रं असतात, तिथे तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारलं की त्या रस्ता सांगतील.

काजळाचं राहिलं. डोळ्यांत घालू नका, त्यात शिसं असू शकतं आणि बोटाने जंतुसंसर्ग होतो. तीट लावायचीच असेल तर कानामागे लावा.

आज संध्याकाळी एवढंच करा: पोट भरलेलं असताना मुलाला मांडीवर उताणा घ्या, पदर मागे, तोंड वीतभर अंतरावर, गप्प राहा. त्याचे पाय थांबले की हळू बोला. मान फिरवली की तुम्हीही थांबा आणि मोजा. किती अंकांवर तो परत बघतो हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि थेंबांचं विचारायला जाल तेव्हा ते कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा.